रंग सुटतो तो खालून: मोटारसायकलचे भाग घरी रंगवताना

घरी रंगवलेल्या टाकीचा रंग काही महिन्यांत झाकणाभोवती फुगला की दोष डब्याला दिला जातो. बहुतेक वेळा डब्यात काहीच खोट नसते. रंगाचा थर खालच्या थराला दोनच प्रकारे धरतो. एक तर खालचा थर अजून कच्चा असताना नवा थर त्यात मुरतो, नाही तर खालचा पूर्ण वाळल्यावर घासायच्या पेपरने (सँडपेपरने) पाडलेल्या बारीक चरांत जाऊन बसतो. यातलं एकही झालं नसेल तर रंग पत्र्यावर नुसता टेकलेला असतो. पुढे जे लिहिलंय ते याच पकडीबद्दल आहे, आणि त्यात टाकीला जास्त जागा दिली आहे. पेट्रोल, गंज आणि पातळ पत्रा या तिन्ही अडचणी तिथेच एकत्र येतात.

टाकी उतरवली की पेट्रोल पूर्ण काढा, पेट्रोलचा कॉक आणि आतली पातळी दाखवणारा फ्लोट सोडवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते. साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या, तरीही टाकीवर ग्राइंडर किंवा हीट गन चालवू नका. जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर आणि हाताने घासणं एवढं पुरेसं आहे. वेळ लागतो, पण कडा आणि वळणं शाबूत राहतात.

आत गंज असेल तर तो आधी काढायचा, बाहेरचा रंग नंतर. १ लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून कॉक-फ्लोटची भोकं बंद केलेली टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. सकाळी ओतून द्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग स्वच्छ पाण्याने, आणि लगेच हवा मारून कोरडी करा. ओली राहिली तर तासाभरात नारिंगी गंज परत धरतो. हे आधी करायचं दुसरंही कारण आहे: गंज निघाल्यावर तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. त्यावर बाहेरून लांबी (खड्डे भरायची पुटी) भरून भागत नाही. पेट्रोल आतून झिरपतं आणि लांबीसकट रंग उचलतं. भोक असेल तर ते नीट सांधून घेतल्याशिवाय पुढचं काम सुरूच करू नका.

बाहेरच्या बाजूचा क्रम बरेच जण उलटा करतात. आधी धुणं, मग तेल-मेण काढणं, मग घासणं. पॉलिशमधलं सिलिकॉन किंवा साखळीचं उडालेलं तेल पृष्ठभागावर असताना पेपर फिरवला, तर ते घासलं जात नाही, चरांत दाबलं जातं. नंतर कितीही पुसलं तरी रंग मारताना तिथे गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. ग्रीस रिमूव्हर दोन फडक्यांनी वापरायचा: एकाने ओला लावायचा आणि तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचा. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर तेल इकडचं तिकडे जातं. काम झालं का ते पाण्याने कळतं. भागावर पाणी ओता. पाण्याचा पातळ सलग पडदा टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब-थेंब होऊन फाटला तर तेल अजून आहे. आता उघड्या बोटांनी हात लावू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला.

जुना रंग सगळा काढावा लागतोच असं नाही. ब्लेडने एक-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारून जाळी करा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघाले नाहीत तर त्या रंगाची पकड चांगली आहे आणि तोच पाया म्हणून ठेवता येतो. मग थिनरने ओला कापूस त्यावर मिनिटभर धरा. रंग मऊ पडून कापसाला लागला तर नव्या रंगातलं थिनरही त्याला फुगवणार. अशा वेळी एकतर मध्ये इपॉक्सी प्रायमरचा (रंगाखाली द्यायच्या, थिनर अडवणाऱ्या अस्तराचा) थर द्यायचा, नाही तर जुना रंग पूर्ण काढायचा. माझं मत विचाराल तर टाकीच्या बाबतीत पूर्ण काढलेलाच बरा. पॅनेलला तेवढे कष्ट घ्यायची गरज नसते.

उघड्या पत्र्याला ८० नंबरचा पेपर, जुन्या रंगाच्या कडा उतरत्या करायला १२० ते १८०. कड नीट उतरली की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. हातमोजा घालून, डोळे मिटून बोट फिरवा. पायरी जाणवली तर ती रंगानंतर दिसणार.

पोचा असेल तर लांबी. इथे बॉडी फिलर म्हणजे हार्डनर (घट्ट करणारं रसायन) घालून वापरायची पॉलिस्टर लांबी अभिप्रेत आहे. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर सुकावं म्हणून जास्त घातला तर त्यातलं पेरॉक्साइड वर झिरपून रंगावर पिवळट डाग पडतो, तोही सगळं काम झाल्यावर. कमी घातला तर लांबी आत चिकट राहते. दोन्ही एकत्र करताना घोटायचं नाही, पात्याने दाबत-ओढत मिसळायचं. घोटलं की हवा अडकते आणि घासताना टाचणीची भोकं उघडतात. एका वेळी जाडी ३ मिलिमीटरच्या आत ठेवा. पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची: ८०, १८०, मग २४०. ॲसिड असलेल्या ‘एच’ (etch) प्रायमरवर ही लांबी भरू नका, ॲसिडमुळे ती खालून नीट सुकत नाही. इपॉक्सी प्रायमरवर मात्र चालते.

उघड्या धातूला माझी पसंती इपॉक्सीलाच. तो धातूलाही धरतो आणि ओलावाही अडवतो. ॲल्युमिनियमचे भाग घासल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात प्रायमरखाली गेले पाहिजेत, कारण त्यावर ऑक्साइडचा थर लगेच वाढू लागतो. इपॉक्सीवर सरफेसरचे दोन-तीन हात द्या. हा जाड प्रायमर घासून सपाट करण्यासाठीच असतो. आता त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा लांबून उडवा, नुसते ठिपके दिसतील एवढा. वॉटर पेपर ४०० नंबरचा, मागे रबरी ठोकळा, आणि तिरपा घासा. उंच जागेवरचा काळा आधी जातो, खोलगट जागेत तो तसाच राहतो. काळं बेट उरलं तर तिथे खड्डा आहे. सगळा काळा एकसारखा गेला तर पृष्ठभाग खरोखर सपाट आहे. हे न करता नुसत्या नजरेवर विसंबलं तर चकचकीत क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) चढल्यावर प्रत्येक लाट दिसते. मेटॅलिक रंग द्यायचा असेल तर शेवटी ६०० ते ८०० नंबरपर्यंत जा, नाही तर पेपरचे ओरखडे रंगातून डोकावतात.

प्लॅस्टिकच्या भागांना आधी ओळखा. मागच्या बाजूला >एबीएस< किंवा >पीपी< अशी खूण ठसवलेली असते. खूण नसेल तर आतल्या बाजूचा बारीक तुकडा पाण्यात टाका: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. एबीएस घासलं की रंग धरतं, पण कडक थिनर लागलं तर त्यावर जाळीसारखे तडे जातात. पीपीला मात्र आधी ॲधेशन प्रमोटर (पकड देणारा पातळ थर) लागतोच. तो न देता मारलेला रंग वाकलेल्या मडगार्डवरून नखाने सोलून निघतो.

आता प्रत्यक्ष रंग. २० ते २५ अंश तापमान आणि ६० टक्क्यांच्या खाली आर्द्रता असेल तर काम सोपं जातं. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पावसाळी दिवस असेल तर घासायचं काम उरका, फवारा मारू नका. स्प्रेचा डबा असेल तर आतली गोळी वाजू लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. डबा गार वाटला तर कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात किंवा आगीजवळ कधीच नाही. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, प्रत्येक पट्ट्याने आधीचा निम्मा झाकायचा. पहिला हात धुक्यासारखा हलका, आरपार दिसेल असा. तो चिकट झाला की पुढचे हात त्याला धरून राहतात, ओघळत नाहीत. दोन हातांमध्ये १० मिनिटं. एका हातात झाकायचा मोह होतो तिथेच ओघळ येतो.

मेटॅलिक रंगात टाकी आणि दोन्ही पॅनेल एकाच बैठकीत, एकाच डब्यातून, आणि गाडीवर जशी बसतात तशीच उभी-आडवी धरून मारा. चमकीचे कण रंग ओला असताना हलतात आणि झोपतात. पॅनेल आडवं ठेवून आणि टाकी उभी टांगून मारली तर रंग एक असूनही उन्हात दोन छटा दिसतात. शेवटचा हात थोडा लांबून, हलका, म्हणजे ढगाळ पट्टे मोडतात.

स्टिकर लावायचे तर रंग आणि क्लिअर यांच्या मध्ये. पहिला क्लिअर अगदी पातळ ठेवा. एकदम ओला हात दिला तर थिनरने स्टिकरची कड वर वळते.

क्लिअरबद्दल मात्र तडजोड नको. हार्डनर नसलेलं साधं ॲक्रिलिक क्लिअर सुकतं ते फक्त थिनर उडून, त्यामुळे पेट्रोल सांडलं की ते परत विरघळतं. झाकणाभोवतीचा फुगवटा बहुधा यामुळेच येतो. टाकीवर टू-के क्लिअरच लागतं, म्हणजे हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होणारं. दोन ते तीन हात. स्प्रेच्या डब्यातली हार्डनरची कुपी एकदा फोडली की डबा ठरावीक वेळातच वापरावा लागतो, तो वेळ डब्यावर लिहिलेला असतो.

हेच टू-के आरोग्याला सगळ्यात घातक आहे, हे गांभीर्याने घ्या. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुफ्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. धुळीचा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. सेंद्रिय वाफांची काडतुसं आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांना बंद गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क मिळाला तर तो सर्वांत चांगला. घराच्या बंद खोलीत टू-के मारूच नका. पेटती शेगडी, पाण्याचा गीझर, ठिणगी पाडणारा जुना पंखा यांच्यापासून लांब. लहान मुलं आसपास नकोत.

थरांमधल्या वेळेची गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते आणि सगळ्यात जास्त वाटोळं तिथेच होतं. बऱ्याच इनॅमलवर असं लिहिलेलं असतं: पुढचा हात एका तासाच्या आत द्या, नाही तर दोन दिवसांनी. मधल्या काळात वरची साय सुकलेली असते, आत कच्चं असतं. नव्या हातातलं थिनर साय फुगवतं आणि सगळा थर सुरकुततो. सुरकुतला की त्यावर आणखी रंग मारून लपत नाही. पूर्ण सुकू द्या, खालपर्यंत घासा, परत सुरू करा. तसंच, वेळ उलटून गेलेल्या इपॉक्सीवर न घासता रंग मारला तर तो सुकल्यावर पापुद्र्यासारखा निघतो.

क्लिअर सुकल्यावर संत्र्याच्या सालीसारखा खवला दिसला किंवा धूळ बसली तर २४ तासांनी १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, मग चमक आणणारं घासायचं कंपाउंड. दोन हातांची मिळून जाडी जेमतेम ५० मायक्रॉनच्या आसपास असते आणि कडांवर त्याहून कमी, म्हणून टाकीच्या धारेवर मास्किंग टेप लावून मगच घासा.

सायलेन्सरचं गणित वेगळं. तिथे साधा प्रायमर जळून सुटतो. सिलिकॉनवर आधारलेला, ६०० अंशांपर्यंत टिकणारा रंग थेट घासलेल्या उघड्या लोखंडावर द्यायचा, पातळ दोन-तीन हात. तो हवेत फक्त कोरडा होतो; पक्का होतो उष्णतेनेच. इंजिन १० मिनिटं नुसतं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग २० मिनिटं, परत गार. पहिल्या वेळी धूर आणि वास येतो, म्हणून हे उघड्यावर करा. भाजण्याआधी बोट लावलं तर ठसा कायमचा राहतो.

काही जागा रंगवायच्याच नाहीत. ब्रेक डिस्क, फोर्कच्या नळ्या, बेअरिंगच्या बैठका, आटे, अर्थिंगच्या वायरची जागा, चासीवरचा नंबर. बोल्टच्या डोक्याखालची गोल जागाही टेपने झाकून ठेवा. तिथे जाड रंग असेल तर कसल्यावर तो दबत जातो आणि बोल्टचा ताण कमी होतो. इंजिन माउंटिंग आणि ब्रेक कॅलिपरच्या बोल्टांना हे अजिबात परवडत नाही. कॅलिपर रंगवलाच तर लक्षात ठेवा, डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल बऱ्याच रंगांना विरघळवतं. सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हाताला कोरडं लागणं आणि पक्कं होणं यात बरंच अंतर आहे. टू-के क्लिअर मारलेली टाकी आठवडाभर तशीच राहू द्या, तोवर पेट्रोल भरू नका. मेण किंवा मेण असलेलं पॉलिश महिनाभर नको, आत उरलेलं थिनर उडायला वाट राहिली पाहिजे. बसवताना टाकीखालची रबरं नवी घाला. जुनी कडक रबरं रंग घासून पत्र्यापर्यंत नेतात. झाकणाचं गॅस्केटही बदला, कारण तिथून पाझरणारं पेट्रोल रोज त्याच कडेवर येणार आहे.