सुरम्याचा खडा घेऊन गोकाकला

बेळगावच्या खडेबाजारातील एका जुन्या अत्तराच्या दुकानात, गुलाबपाण्याच्या बाटल्या आणि लोबानाच्या पुड्या यांच्यामागे, सुरम्याचे खडे भरलेला पत्र्याचा एक डबा असतो. मी तेथे ऊद घेण्यासाठी गेलो होतो. डब्यातला खडा उचलला तो केवळ कुतूहलाने, आणि उचलताच हात खाली गेला. लहान लिंबाएवढा दगड किती जड असावा याचा डोळ्याने मनाशी जो अंदाज बांधलेला असतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट वजन तळहातावर पडले. दुकानदार वयस्कर होते. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो. "नुसता दगड न्हवे ह्यो, सुरमा हाय. तूर पहाडाचा," ते म्हणाले. तूर, म्हणजे सिनाई पर्वत दैवी तेजाने जळाला आणि त्याचा सुरमा झाला, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. माल कोठून येतो, असे विचारल्यावर मात्र त्यांनी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतो, हे मोकळेपणाने सांगितले. मी दोन खडे घेतले, एक लिंबाएवढा व एक सुपारीएवढा, आणि ऊद घ्यायचे विसरून बाहेर पडलो.

त्या डब्यात असते ते गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. जगातील बहुतेक शिसे याच खनिजापासून मिळते. शुद्ध गॅलेनात वजनाने ८६.६ टक्के शिसे आणि उरलेले गंधक असते. जुन्या ग्रंथांत सुरमा म्हणजे अँटिमनी या दुसऱ्याच मूलद्रव्याचे खनिज असे सांगितलेले आढळते, परंतु आजच्या बाजारात त्या नावाने विकला जाणारा खडा बहुतेक वेळा गॅलेनाचाच असतो. तो कुटून डोळ्यांत घालू नये, हे येथेच सांगून टाकतो. लहान मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते, आणि शिसे हळूहळू रक्तात साठून मेंदूच्या वाढीला अपाय करते. चाचांनाही मी हे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि डब्याचे झाकण लावले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडले असणार, याविषयी मला शंका नाही.

तेथून मी शहापूरला मामांच्या पेढीवर गेलो. मामा सोनार. त्यांच्याकडे काट्याची जुनी तराजू आणि कसोटीचा काळा दगड अजून वापरात आहेत, आणि खनिज ओळखण्यासाठी घरी बसून यापेक्षा अधिक काही लागत नाही, असे माझे मत आहे. प्रथम वजन. मोठा खडा १५३ ग्रॅम भरला. मग मामांनी पारड्याखालच्या आकड्याला दोरा बांधला, खडा पाण्याने भरलेल्या पेल्यात असा सोडला की तो तळाला किंवा काठाला टेकू नये, आणि पुन्हा तोलले. पाण्यात वजन २०.५ ग्रॅमने कमी झाले. १५३ ला २०.५ ने भागले की ७.४६ येतात. गॅलेनाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट ते जड, हे ७.४ ते ७.६ यांच्या दरम्यान असते. अँटिमनीचे खनिज असते तर आकडा ४.६ च्या आसपास आला असता, आणि हेमॅटाइटासारखे लोहखनिज असते तर ५ च्या थोडा वर.

दुसरी परीक्षा मामांना मनापासून आवडली, कारण ती त्यांच्याच धंद्यातली होती. खनिजाचा कस पाहतात तो पांढऱ्या, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून; फुटक्या बशीची खालची खरखरीत कड त्याला पुरते. मामांनी आधी स्वतःच्या सवयीने कसोटीवर रेघ ओढली आणि काळ्यावर काही दिसेना म्हणून हसले. बशीच्या कडेवर मात्र शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ स्वच्छ उमटली. या पेन्सिलीत शिसे मुळीच नसते, ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइटाची गणना एके काळी शिशाच्याच जातीत होत असे आणि तेच नाव मागे राहिले. खड्याची कठिनता, एक ते दहाच्या मोजपट्टीवर, सुमारे २.५. तांब्याच्या तारेने त्याच्यावर सहज ओरखडा निघतो, नखाने जेमतेम.

पण गॅलेनाचा खरा स्वभाव तो फुटताना दिसतो. मामांनी सुपारीएवढा खडा कागदावर ठेवला, त्याच्या एका चकचकीत बाजूला समांतर अशी चाकूची धार टेकवली आणि हातोडीने हलकेच टोला दिला. खडा वेडावाकडा तुटला नाही, तर आरशासारख्या सपाट पृष्ठावर दुभंगला. तो तुकडा आडवा ठेवून दुसरा टोला दिला, तेव्हा काटकोनात तसेच दुसरे पृष्ठ मिळाले आणि तिसऱ्या टोल्याला छोटा घन. तो घन फोडला की आणखी लहान घन. तुटलेल्या कडेवर इवल्याशा जिन्यासारख्या पायऱ्या दिसत होत्या, आणि कागद दिव्याखाली फिरवला की त्यातल्या एकाच दिशेच्या साऱ्या पायऱ्या एकदम चमकत व एकदम विझत. या गुणाला पाटन म्हणतात. गॅलेनात शिशाचे आणि गंधकाचे अणू एकाआड एक अशा घनाकार जाळीत बसलेले असतात. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाची घडण नेमकी अशीच असते, म्हणून खड्याच्या मिठाचा दाणाही भिंगाखाली चौकोनी दिसतो. पायराइट, म्हणजे फसवे सोने, याचेही स्फटिक घनाकार असतात, पण ते फोडले तर कसेही फुटतात. घनाकार असणे आणि घनाकार फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला महाविद्यालयात पाठ करूनही कळले नव्हते. ते मामांच्या हातोडीने कळले.

"ह्यात चांदी असते म्हणतात ना रे?" मामांनी विचारले. असते, पण डोळ्यांना दिसत नाही. गॅलेनात पुष्कळदा थोडी चांदी दडलेली असते, आणि प्राचीन काळापासून जगातील चांदीचा मोठा वाटा शिशाच्या खनिजातूनच काढला गेला. खनिज भाजून गंधक घालवायचे, कोळशाने शिसे वितळवून काढायचे, आणि मग ते शिसे हाडांच्या राखेच्या पसरट मुशीत हवेवर तापवायचे. शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, होते, ते राखेत शोषले जाते आणि मुशीच्या तळाशी चांदीचा मणी उरतो. मामांनी आपल्या आजोबांकडून हे ऐकले होते. त्या धुराने माणसे आजारी पडत, हेही ऐकले होते. कागदावरची करडी पूड त्यांनी फुंकली नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि साबणाने हात धुतले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती त्यांना पटेना. याच चकचकीत पृष्ठावर धातूच्या बारीक तारेचे टोक टेकवले की वीज एका दिशेने जाते आणि उलट दिशेने जवळजवळ जात नाही. गॅलेना अर्धवाहक आहे. जगदीशचंद्र बोस यांना विद्युत्‌लहरी पकडण्याच्या अशाच स्फटिक-उपकरणाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले, आणि पुढे घरोघरीच्या पहिल्या रेडिओंत हाच खडा बसवलेला असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा खडा पिशवीत टाकून मी मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. हे खनिज आपल्या जिल्ह्यात का सापडत नाही, एवढाच प्रश्न मनात होता. बेळगाव शहराच्या खाली दक्खनचा काळा पाषाण आहे आणि त्याच्यावर जागोजागी जांभा. जांभ्यात बॉक्साइट असते. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यामुळे बेळगावकरांना ते नाव ओळखीचे आहे. काळ्या पाषाणात मात्र शिसे टनामागे काही ग्रॅम, एवढेच असते, आणि तेही सगळीकडे सारखे पसरलेले. खाण होण्यासाठी त्याच शिशाची मात्रा काही टक्क्यांपर्यंत जावी लागते, म्हणजे हजारो पटींनी ते एका जागी गोळा व्हावे लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाला अशी निवडानिवड जमलेली नाही.

सुळेभावी, पाच्छापूर अशी स्थानके मागे पडली आणि गोकाक रोडला उतरेपर्यंत जमिनीचा रंग बदलला होता. येथला खडक दक्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना, कलादगी मालिकेतला. घटप्रभा जिथे सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते, तो गोकाकच्या धबधब्याचा कडा वालुकाश्माचा आहे. वाळूचे कण गारेनेच गारेला चिकटवावे तसे घट्ट झालेले. पावसाळा संपत आला होता आणि पाणी गढूळ तांबूस होते. झुलत्या पुलावर पर्यटक छायाचित्रे काढत होते, त्यांच्या बाजूला मी पिशवीतून खडा काढून कड्याच्या दगडाशी ताडून पाहत होतो. एका मुलीने आईला विचारले, "ते काका दगडाला दगड का लावायलेत?" आईने तिला पुढे ओढले.

या वालुकाश्मात गॅलेना मिळण्याची मला आशा नव्हती. आशा होती ती यादवाडकडच्या चुनखडकात, म्हणून गोकाकहून करदंट या मिठाईचा पुडा घेऊन मी दुपारच्या बसने तिकडे गेलो. गॅलेनाला चुनखडक आणि त्याचाच मॅग्नेशियमयुक्त भाऊ डोलोमाइट फार मानवतात. जमिनीखाली खोलवर खारे गरम पाणी फिरत असते. वाटेतल्या खडकांतून ते थोडे थोडे शिसे विरघळवून घेते आणि त्या पाण्यातले क्लोराइड ते शिसे धरून ठेवते. असे पाणी भेगांतून वर येऊन गंधकयुक्त पाण्याला किंवा वायूला भेटले की शिसे आणि गंधक तेथल्या तेथे जुळतात आणि पोकळ्यांच्या भिंतींवर घन वाढू लागतात. चुनखडक विरघळून पोकळ्या तयार होतात, म्हणून तो सोयीचा. गॅलेनाच्या सोबतीला बहुधा जस्ताचे स्फॅलेराइट असते, शिवाय बॅराइट, फ्ल्युओराइट, कॅल्साइट व गारगोटी. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला शिसे आणि जस्त डोलोमाइटातच आहे, आणि तेथे जस्त गाळण्याच्या मध्ययुगीन मातीच्या नळ्यांचे ढीग आजही दिसतात. भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगुचा तर जगातल्या मोठ्या जस्त-शिशाच्या खाणींपैकी एक. भारतात खाणीतून निघणारे शिसे आज मुख्यतः राजस्थानातूनच येते.

यादवाडजवळच्या एका जुन्या, पाणी भरलेल्या खाणीच्या काठाने हिंडताना करड्या चुनखडकात मला एक पांढरी शीर दिसली आणि तिच्यात काहीतरी लखलखले. क्षणभर छातीत धडधडले, हे कबूल करतो. गुडघे टेकून हातोडीने तुकडा सोडवला. सपाट, चमकदार पृष्ठे, तीन दिशांना पाटन. पण कोपरे काटकोनात नव्हते. चौकोन एका बाजूला कलंडल्यासारखा, दोन कोन सुमारे १०२ अंशांचे आणि दोन ७८ चे. ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो तेच खनिज होते, आणि तळहातावर ठेवताच वजनानेही तेच सांगितले. शेळ्या राखणारा एक म्हातारा केव्हाचा पाहत उभा होता. मी बेळगावचा खडा त्याच्या हातात दिला. त्याचाही हात माझ्यासारखाच खाली गेला. "बाळ भार ऐती," तो म्हणाला. भार हा शब्द कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत एकच असल्याने दुभाष्याची गरज पडली नाही.

खडक अनुकूल होता, भेगाही होत्या आणि भेगांतून पाणीही वाहून गेले होते. कॅल्साइटाची शीर ही त्याचीच खूण. परंतु त्या पाण्याने शिसे आणलेले नव्हते. चुनखडक असला की गॅलेना असेलच, अशी माझी भाबडी समजूत त्या खाणीच्या काठावर संपली. घर बांधले म्हणून भाडेकरू येतोच असे नाही. तरी उघड्यावर पडलेल्या गॅलेनाची खूण कशी असते, हे ध्यानात ठेवून मी अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो: हवापाण्याने त्याची चमक जाते, त्याच्यावर शिशाच्या कार्बोनेटाची व सल्फेटाची पांढुरकी साय धरते, आणि खडा मातकट दिसू लागतो. अशा वेळी ओळख पटवते ते फक्त वजन. मी उचललेला प्रत्येक मातकट दगड हलका निघाला.

रात्री उशिरा बेळगावला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी शहापूरला जाताना वडगाव-माधवपूरच्या बाजूने चालत गेलो. येथे उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्या काळी दक्खनमध्ये शिशाची नाणी चालत. सातवाहनांनी पाडली आणि कोल्हापूरकडच्या कुर राजांनीही पाडली. ज्या मुलखाच्या पाषाणात शिसे जवळजवळ नाहीच, त्या मुलखातल्या माणसांनी रोजच्या देवघेवीसाठी शिसे निवडावे, याचे मला पूर्वी नवल वाटत नसे. आता वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे, तेव्हा त्यातले काही जहाजाने आले असेल. काही उत्तरेकडून बैलांच्या पाठीवरही आले असेल. आमच्या चाचांच्या डब्यातला खडाही बाहेरूनच आला आहे.

पेढीवर मामांनी माझ्याकडून कॅल्साइटाचा तुकडा मागून घेतला. तो सुरम्याच्या खड्याएवढाच दिसत होता. त्यांनी न विचारताच दोरा बांधला. हवेत ५६ ग्रॅम, पाण्यात २०.६ ग्रॅमची घट, भागाकार २.७२. मग त्यांनी दोरा सोडला, एका पारड्यात तो पांढरा तुकडा आणि दुसऱ्यात करडा खडा ठेवला. करड्याचे पारडे टक्‌ करून खाली टेकले. मामा पांढऱ्या बाजूला एकेक वजन चढवत गेले, आणि काटा सरळ होईपर्यंत तिथे ९७ ग्रॅमची वजने चढली होती.