गारगोटीहून सीपीआर: आत्तीच्या अँजिओप्लास्टीची धावपळ, आणि पुढं जाणाऱ्यांसाठी

आत्तीला चढ चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं. गारगोटीत ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले कोल्हापूरला जाऊन अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढायचा फोटो, करून घ्या. आधी एका खासगी दवाखान्यात गेलो तर काउंटरवर एकच वाक्य, डिपॉझिट भरा, सरकारी आरोग्य योजना चालते का विचारलं तर धड उत्तर नाही. मग आत्तीच म्हणाली, सीपीआरला चला रे. सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

एसटीनं येणाऱ्यांनी मध्यवर्ती स्टँडवर उतरायचं, तिथनं व्हीनस कॉर्नर, दसरा चौक करत रिक्षा थोड्या वेळात सीपीआरला पोचवते. पेशंटला दम लागत असेल तर चालत आणू नका. आणि दुखणं अचानक उठलं, घाम फुटला, डावा हात भरून आला तर एसटीची वाट बघायचीच नाही, सरळ १०८ ला फोन. ओपीडी सकाळची असते, तेव्हा पहिली गाडी पकडा. केस पेपरच्या रांगेत एकानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पेशंटजवळ बसायचं, म्हणजे दोघं तरी पाहिजेतच.

आता मुद्द्याचं. पैशाचं काहीही बोलायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्हीची कामं तोच बघतो, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजना सगळ्या दवाखान्यात नसते आणि असली तरी तुमचा आजार तिथं बसेलच असं नाही, म्हणून अॅडमिट व्हायच्या आधीच विचारायचं, "आमचं हे ऑपरेशन इथं योजनेत होतंय का?" घरी बसून विचारायचं असेल तर १५५३८८ टोल फ्री आहे.

आमचं अडलं ते नावावर. रेशन कार्डावर आत्ती "शांता", आधारवर "शांताबाई", त्यात रेशन कार्डावरचं वय पण वेगळं. आरोग्यमित्र भला माणूस, काय काय कागद लागतील ते त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं, पण त्यापायी गावाकडं फोनाफोनी, व्हॉट्सअॅपवर फोटो, झेरॉक्स, सगळं झालं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशीच रेशन कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघा. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही घ्या, आधारला लिंक असलेला मोबाईल पण पेशंटबरोबर असू द्या कारण ओटीपी तिथंच येतो. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण अँजिओग्राफीत जे औषध सोडतात ते किडनीवाटे बाहेर पडतं.

मंजुरी ऑनलाईन येते, डॉक्टर रिपोर्ट वर पाठवतात, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात वैतागून पेशंट हलवू नका. आत्तीची अँजिओप्लास्टी, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी उघडून तिथं स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवणं, मनगटातनं केली, नंतर हाताला घट्ट पट्टा, त्या हातानं काही उचलायचं नाही आणि डॉक्टर सांगतील तसं पाणी पीत राहायचं. आत्ती मात्र पट्टा असतानाच पिशवी आवरायला लागली, सिस्टरनी दटावलं तेव्हा कुठं गप्प झाली.

स्टेंट बसवल्यावर ज्या गोळ्या देतात त्या बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अॅटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच. गावाकडं हे कळकळीनं सांगा, लोक गोळ्या संपल्या की सोडतातच.

डिस्चार्जच्या वेळी समरी, अँजिओग्राफीची सीडी, सगळे रिपोर्ट मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे. योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पण येतात, तेव्हा परत कधी यायचं ती तारीख समरीवरच लिहून घ्या आणि तेव्हाही तीच फाईल घेऊन या.