चावी पूर्ण भरली तर स्प्रिंग तुटते का?

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन माळ्यावरून खाली काढला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. चावी किती द्यायची? पूर्ण दिली तर स्प्रिंग तुटेल ना? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बिनधास्त पूर्ण द्या. हँडल घट्ट लागलं की थांबा, पुढे जोर करू नका. पथ्य एवढंच.

‘चावी जास्त झाली आणि तुटली’ हे मी अनेक घरांत ऐकलंय. बिचाऱ्या घरातल्या लहान मुलावरच बहुधा तो आळ येतो. खरा गुन्हेगार ग्रीस. मोटरमध्ये लोखंडी डबा असतो, त्यात तीन मीटर किंवा त्याहून लांब पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. तिचे वेढे एकमेकांवरून घसरावेत म्हणून कारखान्यात ग्राफाइटचं ग्रीस भरत. साठ-सत्तर वर्षांत ते वाळतं, डांबरासारखं चिकट होतं. मग वेढे एकमेकांना धरून बसतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. गाणं चालू असताना पेटीतून ‘धप्’ असा आवाज येतो तो हाच. तो आवाज ऐकूनही वर्षभर रेकॉर्डी लावत राहिलात, तर एक दिवस पट्टी तुटेल. बहुतेकदा आतल्या टोकाशी, जिथे बाक सगळ्यात जास्त असतो. पावसाळ्यात गंज धरला असेल तर आणखी लवकर.

अर्धी चावी देऊन मात्र नुकसान नक्की होतं, ते गाण्याचं. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. शेवटाकडे जोर कमी पडला आणि मिनिटाला 78 फेऱ्यांच्या 74 झाल्या, की सूर हार्मोनियमच्या जवळजवळ एका पट्टीने उतरतो. काळी एकमधलं नाट्यपद संपता संपता पांढरी एकला टेकतं! गायकाला नावं ठेवण्याआधी फेऱ्या मोजा. रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची, घड्याळ लावायचं, अर्ध्या मिनिटात 39 फेऱ्या व्हायला हव्यात. फार जुन्या रेकॉर्डी सगळ्याच नेमक्या 78 वर भरलेल्या नाहीत, हेही लक्षात असू द्या.

चावी पूर्ण असूनही वेग डळमळत असेल तर वेग आवरणारा गव्हर्नर पाहा. फिरत्या दांड्यावर पातळ पट्ट्यांना वजनं लावलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्यांनी ओढलेली चकती नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यावर घासते. हा नमदा कोरडा, कडक झाला की सगळा ताल बिघडतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब त्याला, एकेक थेंब दांड्याच्या टोकांना. पण हे तेल स्प्रिंगच्या डब्यात ओतू नका. खोबरेल तर कुठेच नको. पुण्याच्या थंडीत ते बाटलीत थिजतं तसं मोटरमध्येही थिजतं. गंज सोडवायचा स्प्रेही ग्रीसची जागा घेत नाही.

डबा स्वतः उघडावा का? मी नको म्हणेन. स्प्रिंग पूर्ण सैल होऊ दिल्याशिवाय गव्हर्नरला हात लावलात, तर अडवणारं काही उरत नाही. साठलेला सगळा जोर एका झटक्यात सुटतो, चाकांचे दाते जातात, बोटंही जातात. सैल झालेली स्प्रिंगसुद्धा डब्यातून निसटली की धारदार पात्यासारखी उसळते. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि शेजारी आधी हे केलेला माणूस, असं असेल तरच.

चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला, तर कर्णा नंतर, आधी मोटर बघायला मागा. नव्या पेटीत जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर बसवलेले पुष्कळ आहेत. मला विचाराल तर 1931 साली आलेली एचएमव्हीची 102 ही बिनकर्ण्याची पेटी त्यांच्यापेक्षा केव्हाही बरी.

आणि पेटी महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर दिलेली चावी पूर्ण उतरू देऊन मगच ठेवा. सतत ताणलेली पट्टी मलूल होते. तुटलीच, तर तुकडे टाकू नका. बाहेरच्या टोकाशी तुटली असेल तर ते टोक तापवून नरम करता येतं, नवं भोक पाडता येतं. मध्ये तुटली असेल तर नवीनच घ्यावी लागते. त्यासाठी रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाची घडण जुन्या तुकड्यांवरूनच मोजायची असते. मधोमध वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडून मात्र ती परत मागून घ्या.