पहिल्या रकान्यातले दोन गोल

24 जून 2025 रोजी न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली, तेव्हा क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स भागातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत मी मतदान कर्मचारी म्हणून काम करत होते. पहाटे पाचला हजेरी लावली, सहाला दारे उघडली. बाहेर पारा 100 अंश फॅरनहाइटच्या आसपास होता.

मतपत्रिकेवर 11 नावे होती, पण लोकांच्या तोंडी दोनच: 2021 मध्ये राज्यपालपदाचा राजीनामा दिलेले, पक्षातील मध्यममार्गीयांचा आधार असलेले अँड्र्यू कुओमो, आणि शेजारच्या अ‍ॅस्टोरियाचे 33 वर्षांचे आमदार झोहरान ममदानी, ज्यांनी मोफत बस आणि भाडेनियंत्रित घरांची भाडेवाढ रोखण्याचे वचन दिले होते. आम्हा कर्मचाऱ्यांना मात्र यांतले एकही नाव उच्चारायची मुभा नसते आणि हा नियम मी मनापासून पाळते.

सकाळी एका टॅक्सीचालकाला रिकाम्या हाती परत जावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. या निवडणुकीत त्या पक्षाकडे नोंदलेल्या मतदारांनाच मत देता येते, आणि त्याच्या नोंदणीत कोणताच पक्ष नव्हता. पक्ष नोंदवून या निवडणुकीत मत द्यायचे असेल, तर ते 14 फेब्रुवारीपर्यंत करावे लागते, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. ज्या शहरात डेमोक्रॅटिक मतदारच बहुसंख्य आहेत, तिथे बहुधा खरी लढत पक्षाच्या आतच होते आणि नेमकी तीच त्याच्या हातून निसटली.

दुपारी सत्तरीच्या पुढचे एक मराठी काका स्कॅनरपाशी अडले. माझ्या ओळखपत्रावरचे आडनाव वाचून ते मराठीतच म्हणाले, "बाई, हे यंत्र माझे मत घेत नाही." पडद्यावर सूचना होती की एकाच पसंतीसाठी दोघांना मत दिले आहे. मतपत्रिका पालथी धरून ते हळूच म्हणाले, "एक गोल माझा, एक नातीचा. तिला शब्द दिला होता." पुढे ते नावे सांगू लागले, तसा मी हात वर करून त्यांना थांबवले.

बाद मतपत्रिका जमा करून मी त्यांना नवी दिली आणि समजावले की पाच जणांना क्रमाने पसंती देता येते, पण एका रकान्यात, म्हणजे एका पसंतीसाठी, एकच गोल भरायचा. "म्हणजे दोघांचाही मान राहतो," ते खुलून म्हणाले. तेवढ्यावर सोडणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तरच मत दुसऱ्याकडे जाते. तो शेवटच्या फेरीपर्यंत टिकला, तर दुसरे नाव मोजणीत येतच नाही, हेही मी सांगितले. ते गप्प झाले. मग आडोशामागे जाऊन बसले आणि बराच वेळ पेन हातात धरून कागदाकडे पाहत राहिले. अखेर स्कॅनरने मतपत्रिका घेतली, तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला.

कुओमोंनी त्याच रात्री पराभव मान्य केला. 1 जुलैला पसंतिक्रमांची मोजणी जाहीर झाली, तेव्हा ममदानींना सुमारे 56 टक्के मते मिळाली होती. काकांनी पहिला मान कोणाला दिला, हे मी कधीच विचारले नाही. पुढे किराणा दुकानात नातीसह भेटले, तेव्हाही नाही.