मावशींचा मसाला, माझी वही

दर शनिवारी मी नागपूरच्या गोळीबार चौकातल्या एका मावशींकडे वही घेऊन बसते. हलबा कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं घर, सासरे एम्प्रेस मिलमधले (होय, १८७७ ची ती कापड गिरणी). मावशी सावजी मसाला करतात. असा की शेजारच्या गल्लीत ठसका लागावा. हिशेब मात्र सगळा तोंडी.

पाव किलो दीडशेला विकायच्या. मिरची, धने, खसखस, गॅस, चक्कीचे पैसे मांडले, तर खर्चच एकशे साठ!

"म्हणजे मी पैसे देऊन मसाला विकून राह्यली का वं?" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. त्यांची मजुरी मी अजून धरलीच नव्हती.

खसखस कमी करायला तयार नाहीत. भिवापुरी मिरचीही सोडणार नाहीत. तिला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन आहे कळल्यापासून तर मुळीच नाही. मग भावच वाढवला, दोनशे चाळीस. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक लागतो, तो अर्ज मी भरला.

इतवारीतल्या किराणा ओळीत एका दुकानदाराने दहा पाकिटं ठेवून घेतली. "विकली की पैसे." मावशींनी पाच परत पिशवीत टाकली.

"पाचाचे आत्ता दे, भाऊ."

त्याने दिले.