आधी पडायला शिकवणारे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेबद्दल काहीही लिहा’ असं समितीचं पत्र आलं. लिहायला बसले शाळेबद्दल आणि लिहीत गेले सरांबद्दल. त्याला इलाज नाही. नाव घालत नाही. ‘ज्युदोचे सर’ म्हटलं की आपल्याकडे दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही.

मागच्या हॉलमधल्या काथ्याच्या गाद्या आणि त्यांच्यावर ताणलेली ताडपत्री आठवते ना? पावसाळ्यात त्यांना जो वास यायचा त्याचं वर्णन नको. ताडपत्री उसवली की सर स्वतः दाभण-सुतळी घेऊन बसायचे आणि टाके घालता घालता ज्युदोचे जनक जिगोरो कानोंच्या गोष्टी सांगायचे. कानो अंगाने किरकोळ. शाळेतली दांडगट पोरं छळायची, म्हणून ते जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येकडे वळले. 1882 साली, एकविसाव्या वर्षी, तोक्योतल्या एइशोजी मंदिरात बारा ताताम्यांच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. शिष्य अवघे नऊ. (हॉल लहान पडतो म्हणून कुरकुरणाऱ्याला हे आकडे हमखास ऐकावे लागत.) पण सरांना खरं कौतुक याचं, की हा माणूस पेशाने मास्तर होता आणि शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचा कितीतरी वर्षं प्रमुख होता. हातपाय मोडणारे डाव बाजूला काढून त्याने शाळेतल्या पोरांना शिकवता येईल अशी विद्या उभी केली. ‘सेइर्योकु झेन्यो’ आणि ‘जिता क्योएई’ ही त्याची दोन तत्त्वं सरांनी हॉलच्या भिंतीवर गेरूने रंगवली होती: ताकद वाया न घालवता नेमकी वापरा, आणि आपल्याबरोबर समोरच्याचंही भलं करा.

पहिला महिनाभर आम्ही फक्त पडत होतो. मागे, बाजूला, लोळण घेत पुढे. हात गादीवर सपकन आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. “छताकडे काय बघतेस? पट्ट्याच्या गाठीकडे बघ!” हे वाक्य मी अजून झोपेतही म्हणू शकेन. गाठीकडे बघितलं की हनुवटी आपोआप छातीला लागते आणि डोकं वाचतं.

सातवीत असताना स्नेहसंमेलनात प्रात्यक्षिक होतं. सर चांगले भरभक्कम, मी चिपाड. सरांनी मला पुढे रेटलं, त्याच झोकात मी वळून त्यांच्या काखेखाली शिरले आणि इप्पोन सेओई नागे, पाठीवरून फेकायचा डाव! सर धाडकन गादीवर. मंडपातून कोणा पालकाचा आवाज आला, “मुद्दाम पडले!” सर उठले, जॅकेट खाली ओढलं, पट्टा सारखा केला आणि भर मंडपात मला कमरेतून वाकून नमस्कार केला. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांना ते खटकलं. गुरूने विद्यार्थिनीपुढे वाकायचं? सर म्हणाले, “ती नसती तर मला कोणी पाडलं असतं?” पाहुण्यांना उत्तर पटलं की नाही, देव जाणे. मला मात्र भिंतीवरची दुसरी ओळ त्या दिवशी कळली.

जिंकल्यावर नाचायचं नाही, हा सरांचा कडक नियम. 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये डच खेळाडू आंतोन खेसिंकने जपानच्या कामिनागाला हरवलं, तेव्हा धावत मॅटवर येणाऱ्या आपल्याच माणसांना त्याने हात करून थांबवलं. ही गोष्ट सांगताना सर स्वतःच हात वर करून उभे राहायचे.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. मागे तोल गेला की म्हातारी माणसं हात मागे टेकतात आणि मनगट मोडून घेतात. माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना मी आधी गादीवर निजवून हनुवटी आत घ्यायला शिकवते. सहकारी डॉक्टर हसायचे. आता तेच पेशंट पाठवतात. सरांना हे सांगायला गेले होते तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हात अजून उशिरा आपटतेस का गं?”

त्या हॉलमध्ये आता कॉम्प्युटर आहेत, खाली गुळगुळीत टाइल्स. भिंतीला पांढरा रंग दिलाय. बाहेरच्या क्लासेसमध्ये सहा महिन्यांत रंगीत पट्टे मिळतात, फोटोही छान येतात. राग येतो, खरं सांगते.

समितीला एक विनंती: जुना जिमखाना मोकळा करून द्या. चार गाद्यांचा खर्च मी देईन, शनिवारी सकाळी येऊन वर्गही घेईन. फक्त पहिला महिना पोरं नुसती पडणार आहेत, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.