तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या प्रोग्रामवर मी काय काम करते

"ताई, प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलाय, इंटरनेटवर फुकट मिळतोय. मग तुम्ही त्यावर इतके दिवस करता काय?"

डेबियन या लिनक्सवर चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज बनवते, म्हणजे दुसऱ्याचा प्रोग्राम तिथे सहज बसेल असा बांधून देते, असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. कॉलेजची मुलं विचारतात, घरी आत्या विचारते. पैसे मिळतात का, हेही लगेच येतं. नाही मिळत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा लिहून काढते.

मी पॅकेज केलेल्या एका प्रोग्रामचं उदाहरण घेते: आपल्या नेटवर्कवर कोणकोणती यंत्रं आहेत ते शोधणारं एक छोटं साधन, एआरपी-स्कॅन नावाच्या प्रोग्रामच्या जातीचं. ते 192.168.1.1 पासून 254 पर्यंत एकेका पत्त्याला हाक मारतं: हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो आपला हार्डवेअरचा पत्ता कळवतो. हाक मारून यंत्र शोधण्याच्या या रीतीला एआरपी म्हणतात, ती 1982 सालची. फायरवॉल लावून पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या नेहमीच्या विचारणेला, गप्प बसणारं यंत्रसुद्धा सहसा या हाकेला ओ देतं, कारण तिथेही गप्प राहिलं तर शेजारच्या यंत्रांना ते सापडणारच नाही.

तालुक्याच्या एका शाळेत लॅबमधला प्रिंटर अधूनमधून नाहीसा व्हायचा. सरांनी केबल बदलली होती, ड्रायव्हर दोनदा टाकला होता. मी हे साधन चालवलं तर 192.168.1.50 हा पत्ता दोन ओळींत आला. एका ओळीपुढे प्रिंटर कंपनीचं नाव, दुसरीपुढे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचं. व्हरांड्यात नवा सीसीटीव्ही बसवणाऱ्याने त्याला प्रिंटरचाच पत्ता देऊन टाकला होता. तो बदलायला पाच मिनिटं लागली. पण त्याआधीचा तासभर साधन त्या यंत्रावर कंपाइल करण्यात, म्हणजे मूळ कोडपासून चालण्याजोगं बनवण्यात, गेला होता. आधी लिबपीकॅप या नेटवर्कच्या लायब्ररीच्या हेडर फाइली नाहीत म्हणून अडलं, मग आणखी कशावर तरी. सर शेजारी बसून बघत होते. "हे मला एकट्याला जमायचं नाही," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. त्यांना ॲप्टची, म्हणजे डेबियनवर प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाची, एक आज्ञा देऊन हे मिळायला हवं, एवढ्यासाठी मी ते हातात घेतलं.

सुरुवात वाचण्यापासून होते. प्रत्येक फाइल कुणाची आणि कुठल्या परवान्याखाली, हे डेबियनमध्ये लिहून द्यावं लागतं, आणि नवं पॅकेज आत घेण्याआधी तिथली माणसं ते स्वतः तपासतात. एका फाइलीवर परवान्याचं अक्षरही नव्हतं. मूळ लेखकाला पत्र घातलं, त्यांनी दोन दिवसांत ओळ घातली. मग कंपन्यांच्या नावांची यादी. हार्डवेअरच्या पत्त्याचे पहिले तीन बाइट बघून कंपनी ओळखतात, आणि ती यादी आय-ट्रिपल-ई ही तांत्रिक मानकं ठरवणारी संस्था ठेवते. हा प्रोग्राम बांधणीच्या, म्हणजे कंपाइल करण्याच्या, वेळी यादी इंटरनेटवरून आणायचा. डेबियनमध्ये बांधणी करताना बाहेरून काही आणायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे: आज बांधलं तेच उद्याही बांधता आलं पाहिजे. यादीचं वेगळं पॅकेज तिथे आधीपासून आहे, मी प्रोग्रामला तिकडे बघायला लावलं.

मग एक चाचणी फसली, आणि ती फक्त एका ठिकाणी. डेबियन एकच पॅकेज अनेक तऱ्हेच्या प्रोसेसरांवर बांधतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवं, मोबाइलमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरवर हिरवं, आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एस390एक्सवर, लाल. विचारणा करणाऱ्या एआरपी संदेशात 1 हा आकडा दोन बाइटांत असतो. तिथे 256 जात होते. आपल्या रोजच्या यंत्रांत आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतात, नेटवर्कवर मोठा आधी. म्हणून लेखकाने सरसकट बाइटांची अदलाबदल केली होती. मेनफ्रेममध्ये मुळातच मोठा बाइट आधी असतो, तिथे अदलाबदल केली की सरळ असलेलं उलटं होतं. दुरुस्ती एका ओळीची. ती सापडायला तीन रात्री लागल्या, आणि ती ओळ मूळ लेखकाने आपल्या प्रोग्राममध्ये घेतली याचा मला आजही फार आनंद आहे. मेनफ्रेमवर हे साधन कोण चालवणार, असं कुणी म्हणेल. पण तो आकडा सगळीकडेच चुकीच्या रीतीने लिहिला जात होता, आपल्या यंत्रांवर तो योगायोगाने बरोबर येत होता.

सगळ्यात जास्त विचार मात्र परवानगीचा करावा लागला. असे कच्चे संदेश पाठवायला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य चालकाचे, अधिकार लागतात. पॅकेज बसताना प्रोग्रामला तेवढीच एक मुभा कायमची देऊन ठेवता येते, मग सुडो (रूटचे अधिकार मागणारी आज्ञा) न लिहिता कुणीही तो चालवू शकतो. पुष्कळांची हीच मागणी आहे. अडचण अशी, की या साधनात पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्याला हवा तो लिहिता येतो. तपासणीसाठी ती सोय चांगली आहे. पण तीस मुलांच्या लॅबमध्ये त्यातलं कुणीही "राउटर मीच" असं सांगून बाकीच्यांची रहदारी आपल्याकडे ओढू शकेल. नेटवर्कवरची रहदारी दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्राम डेबियनवर बसताना साध्या वापरकर्त्यांना मुभा द्यायची का असं विचारतो, आणि तिथेही ठरलेलं उत्तर 'नाही' असंच आहे. मी प्रश्नही ठेवला नाही. साधन रूटच्याच हाती राहू दिलं.

त्यावर अजूनही महिन्या दोन महिन्यांनी कुणीतरी तक्रार लिहितं. मी प्रत्येकाला लॅबचं उदाहरण देऊन उत्तर लिहिते. ज्याचं यंत्र त्याच्या एकट्याचं आहे, त्याने सेटकॅप या आज्ञेने ती मुभा स्वतः द्यावी. ती कशी द्यायची आणि परत कशी काढून घ्यायची, हे पॅकेजसोबतच्या रीडमी फाइलमध्ये पायरी पायरीने लिहून ठेवलं आहे.